हाती कौशल्य, साक्ष कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



भारत सरकारने २०१५ साली कौशल्यविकास व उद्योजकतेचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. त्या धोरणपत्रात काही देशांची तुलना दिलेली आहे. दक्षिण कोरियातील ९६ टक्के, जपानमधील ८० टक्के आणि जर्मनीतील ७५ टक्के कामगारांनी औपचारिक कौशल्य-प्रशिक्षण घेतलेले असताना भारतात हे प्रमाण ५ टक्क्यांच्याही आत असल्याचे त्यात नमूद आहे. हा आकडा तेव्हापासून असंख्य व्यासपीठांवरून उच्चारला गेला आणि बहुतेक वेळा त्यातून 'भारतीय कामगार अकुशल आहे' असा निष्कर्ष काढला गेला. हा निष्कर्ष वस्तुस्थितीला धरून नाही. या देशातील घरे, विहिरी, मंदिरे, शेतीची अवजारे, दागिने आणि वस्त्रे ज्यांच्या हातांनी घडली, त्यांपैकी बहुतेकांनी प्रशिक्षण संस्थेचा उंबरठा ओलांडलेला नव्हता. कोणी वडिलांकडून शिकले, कोणी मिस्त्रीच्या हाताखाली. तो आकडा कौशल्य मोजत नाही. संस्थेत जाऊन घेतलेले प्रशिक्षण तेवढे मोजतो. उरलेल्या ९५ जणांच्या हातात काय आहे, याविषयी तो मौन बाळगतो.

या मौनाची किंमत मात्र त्या ९५ जणांना रोज मोजावी लागते. मराठवाड्यातील एखादा गवंडी कामाच्या शोधात पुण्या-मुंबईकडे येतो. ओळंबा, गुण्या आणि थापी त्याच्या हाताला वळण लागल्यासारखी चालतात. पंधरा वर्षांत त्याने बांधलेल्या भिंती गावोगावी उभ्या आहेत. परंतु शहरातील मजूर अड्ड्यावर सकाळी तो उभा राहतो, तेव्हा त्या भिंती त्याच्यासोबत आलेल्या नसतात. नवा ठेकेदार त्याला बिगाऱ्याच्या दराने बोलावतो. दोन महिन्यांनी त्याचे काम पाहून दर वाढतो, तोवर ते काम संपलेले असते आणि पुढच्या ठेकेदाराकडे पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागते. गावातल्या बचत गटाचा हिशेब दहा वर्षे चोख ठेवणाऱ्या भगिनीचेही असेच होते. मासिक सभेचे इतिवृत्त, सदस्यांची बचत, अंतर्गत कर्जे, व्याज, परतफेड, बँकेशी व्यवहार हे सारे ती सांभाळते. पण नोकरीचा अर्ज भरताना 'अनुभव' या रकान्यात ती रेघ ओढते, कारण त्या कामाला नाव देणारा कागद तिच्यापाशी नाही.

दोन टोके

समाजाच्या दुसऱ्या टोकाला चित्र अगदी उलट आहे. मध्यमवर्गीय घरांतील मुलांच्या फायली प्रमाणपत्रांनी फुगलेल्या असतात. शिबिराला उपस्थित राहिल्याचे, स्पर्धेत भाग घेतल्याचे, दोन तासांच्या ऑनलाइन वर्गाचे, अशी सर्व प्रकारची प्रमाणपत्रे त्यांत आढळतात. त्या मुलाला नेमके काय येते, हे सारी फाईल चाळूनही कळत नाही. बहुतेक कागदांवर मुलाचे नाव, संस्थेचे बोधचिन्ह आणि 'यशस्वीरीत्या सहभाग घेतला' एवढेच असते. सहभागात यश कोणते आणि अपयश कोणते, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

एकीकडे साक्षीवाचून कौशल्य आणि दुसरीकडे कौशल्यावाचून कागद, अशा या विसंगतीत गेल्या दशकापासून एका नव्या साधनाची चर्चा होत आहे. ते साधन म्हणजे डिजिटल बॅज. ते काय आहे, त्याने काय साधेल आणि काय साधणार नाही, याचा विचार कार्यकर्त्यांनी आणि पालकांनी करणे अगत्याचे आहे.

चित्राच्या आड दडलेली माहिती

दिसायला डिजिटल बॅज म्हणजे संगणकावरील एक लहानसे चित्र. त्याचे मोल चित्रात नसून चित्रासोबत बांधलेल्या माहितीत आहे. बॅज कोणाला दिला, कोणी दिला, केव्हा दिला, तो मिळवण्यासाठी कोणत्या निकषांची पूर्तता आवश्यक होती आणि ती झाल्याचा पुरावा काय, एवढ्या गोष्टी त्यात नोंदवता येतात. पुरावा म्हणजे कधी केलेल्या कामाचे छायाचित्र, कधी चित्रफीत, कधी प्रकल्पाचा अहवाल. बॅज पाहणारा ठेकेदार, मुख्याध्यापक किंवा अधिकारी त्यावर बोट ठेवून हे सर्व तपासू शकतो.

या कल्पनेला सर्वमान्य रूप देण्याचे काम अमेरिकेतील मोझिला फाउंडेशनने मॅकआर्थर फाउंडेशनच्या साहाय्याने हाती घेतले. सप्टेंबर २०११मध्ये 'ओपन बॅजेस' या उपक्रमाची घोषणा झाली आणि २०१३ साली त्याची पहिली मानके प्रसिद्ध झाली. 'ओपन' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. एका संस्थेने दिलेला बॅज दुसऱ्या संस्थेच्या व्यवस्थेतही वाचता आणि तपासता यावा, तो कोणा एका कंपनीच्या कुलपात अडकू नये, असा त्यामागील हेतू होता. २०१७ साली या मानकांची जबाबदारी शिक्षण-तंत्रज्ञानातील आय.एम.एस. ग्लोबल या संस्थेकडे आली. तीच संस्था आता वन-एडटेक नावाने ओळखली जाते. २०२४ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत देणाऱ्या संस्थेची डिजिटल स्वाक्षरी बॅजमध्येच समाविष्ट करण्याची सोय आहे. त्यामुळे मजकुरात कोणी एक अक्षर जरी बदलले, तरी पडताळणीत ते उघड होते.

पदवी आणि बॅज यांतील भेदही ध्यानात घेतला पाहिजे. पदवी तीन-चार वर्षांच्या अध्ययनाची एकत्रित मोहर असते. बॅज एका लहान, नेमक्या क्षमतेविषयी बोलतो. 'स्थापत्य अभियांत्रिकीचा पदवीधर' हे पदवीचे वर्णन; 'दहा फूट उंचीची विटांची भिंत ओळंब्यात आणि काटकोनात उभारून दाखवली' हे बॅजचे वर्णन. पदवीची जागा बॅज घेऊ शकत नाही आणि त्याने ती घेऊ नये. तसेच बॅज म्हणजे परवानाही नव्हे. विजेची जोडणी, वाहनचालन, औषधोपचार अशा ज्या कामांत दुसऱ्याचा जीव गुंतलेला असतो, तेथे कायद्याने सांगितलेल्या परवान्याला पर्याय नाही.

परंपरा आपल्या परिचयाची

लहान लहान टप्प्यांवर कौशल्याची परीक्षा घ्यावी आणि त्याची खूण द्यावी, ही रीत महाराष्ट्राला नवीन नाही. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. त्याच परंपरेतून उभ्या राहिलेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार या परीक्षा आजही महाराष्ट्रातील घराघरांत ठाऊक आहेत. 'विशारद' म्हटले की संगीत जाणणाऱ्याला त्या व्यक्तीची तयारी साधारण कुठवर आहे हे समजते. कारण त्या शब्दामागे ठरलेला अभ्यासक्रम आहे आणि परीक्षकासमोर बसून प्रत्यक्ष गाऊन दाखवण्याची कसोटी आहे.

टंकलेखनाच्या शासकीय परीक्षेचे उदाहरण तर त्याहून बोलके आहे. मराठी टंकलेखन मिनिटाला ३० शब्द, इंग्रजी ४० शब्द, अशा वेगाच्या प्रमाणपत्रावर महाराष्ट्रातील लिपिकांच्या पिढ्या सरकारी नोकरीत लागल्या. त्या कागदात अलंकारिक भाषा नव्हती. उमेदवार काय करू शकतो आणि किती वेगाने करू शकतो, एवढेच तो सांगत असे. गरीब घरातील मुलगा आणि संपन्न घरातील मुलगी यांना एकाच यंत्रापुढे बसवून तो दिला जात असे, म्हणून त्याच्यावर विश्वास होता. स्काउट चळवळीतील प्रावीण्य-पदकांमागेही हेच सूत्र आहे. प्रथमोपचाराचे पदक बाहीवर लावणाऱ्या मुलाला पट्टी बांधता आलीच पाहिजे, अशी अपेक्षा असते. डिजिटल बॅजने याच परंपरेला नव्या तंत्राचे वाहन दिले आहे.

भारतातील पायाभरणी

या वाहनासाठी लागणारा रस्ता भारतात बऱ्याच अंशी तयार झाला आहे. १ जुलै २०१५ रोजी डिजिलॉकरचा प्रारंभ झाला. संस्थेने थेट दिलेली कागदपत्रे नागरिकाच्या मोबाईलवर राहू लागली आणि पुढे कायद्याने त्यांना मूळ कागदपत्रांचा दर्जा मिळाला. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० साली आले. त्याला अनुसरून जुलै २०२१मध्ये 'अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स' सुरू झाली. विद्यार्थ्याने वेगवेगळ्या संस्थांत मिळवलेली श्रेयांके तेथे त्याच्या खात्यावर जमा होतात. २०२३ साली आलेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने शालेय शिक्षण, उच्च शिक्षण आणि व्यवसाय-कौशल्ये एका मापात आणली. वर्षाचे १२०० तास अध्ययन म्हणजे ४० श्रेयांके, असे ते माप आहे. सुतारशाळेतील ३० तास आणि महाविद्यालयातील ३० तास यांना एकाच तराजूत बसवण्याचा विचार शासकीय चौकटीत आला, हे या आराखड्याचे खरे महत्त्व होय.

प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत 'पूर्वज्ञानाला मान्यता' हा स्वतंत्र भाग ठेवलेला होता. आधीच येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन त्याचे प्रमाणपत्र द्यावे, अशी त्यामागील कल्पना. १७ सप्टेंबर २०२३ रोजी, विश्वकर्मा जयंतीच्या दिवशी, पी.एम. विश्वकर्मा योजना सुरू झाली. सुतार, लोहार, कुंभार, सोनार, गवंडी, शिंपी, चर्मकार, नाभिक, परीट आदी १८ व्यवसायांतील कारागिरांना तिच्यात प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळते. त्यापाठोपाठ ५ ते ७ दिवसांचे पायाभूत प्रशिक्षण, त्या काळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्य आणि दोन टप्प्यांत मिळून ३ लाख रुपयांपर्यंतचे तारणमुक्त कर्ज ५ टक्के व्याजाने देण्याची तरतूद आहे.

येथे एक बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. नोंदणी संगणकावर होत असली, तरी अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेच्या स्तरावर होते. म्हणजे एवढी प्रचंड डिजिटल यंत्रणा उभी राहिल्यावरही 'हा माणूस खरोखर सुतारकाम करतो' हे सांगायला शेवटी गावातलाच कोणीतरी लागतो. डिजिटल बॅजचा सारा प्रश्न या एका ठिकाणी येऊन थांबतो.

यंत्र काय सांगू शकत नाही

डिजिटल स्वाक्षरी दोन गोष्टी निर्विवादपणे सांगते. बॅज अमुक संस्थेने दिला आणि त्यातील मजकूर नंतर बदललेला नाही. त्या संस्थेने परीक्षा मन लावून घेतली की केवळ शुल्क घेतले, हे मात्र ती सांगू शकत नाही. खोट्या परीक्षेची खरी स्वाक्षरी असू शकते. विद्यापीठ अनुदान आयोगाला बनावट विद्यापीठांची यादी वेळोवेळी प्रसिद्ध करावी लागते, यावरून पदवीसारख्या प्रतिष्ठित गोष्टीचीही काय अवस्था होऊ शकते हे दिसते. मग हजारो संस्थांना चुटकीसरशी देता येणाऱ्या बॅजची काय कथा? ढिलाईने वाटलेला बॅज केवळ निरुपयोगी ठरतो असे नाही; तो शेजारच्या प्रामाणिक बॅजचीही पत घालवतो. ज्या गवंड्याने खरी कसोटी दिली, त्याच्याकडेही ठेकेदार संशयाने पाहू लागतो. म्हणून बनावट प्रमाणपत्राचा पहिला बळी गुणवान गरीब माणूस असतो.

दुसरी मर्यादा टिकाऊपणाची. कागदाला वाळवी लागते, तशी संकेतस्थळालाही लागते. ओपन बॅजेस जन्माला घालणाऱ्या मोझिलानेच बॅज साठवण्याची आपली 'बॅकपॅक' ही सेवा पुढे चालवली नाही आणि वापरकर्त्यांना दुसऱ्या सेवेकडे जावे लागले. देणारी संस्था बंद पडली, निकषांचे पान नाहीसे झाले, तर उरते ते नुसते चित्र. त्यामुळे बॅजची प्रत धारकाच्या स्वतःच्या ताब्यात राहील आणि निकषांचा पूर्ण मजकूर त्याच्यासोबतच असेल, याची दक्षता देणाऱ्याने घेतली पाहिजे.

तिसरी मर्यादा भाषेची. निकष इंग्रजीत, सूचना इंग्रजीत आणि धारक मराठी माध्यमातून चौथी-सातवी शिकलेला, अशी स्थिती असेल तर त्याला आपल्याच कौशल्याचे वर्णन वाचता येणार नाही. 'रंधा मारणे', 'सांधा जुळवणे', 'ओळंब्यात घेणे' हे शब्द त्या त्या व्यवसायाने पिढ्यान्‌पिढ्या घासूनपुसून लखलखीत ठेवले आहेत. निकष याच शब्दांत लिहिले गेले, तर कारागीरही ते वाचेल आणि काम देणाराही समजेल.

घरातील मुले आणि सोनेरी मोहर

बॅजचा शाळकरी मुलांवरील परिणाम हा विषय पालकांनी गांभीर्याने घ्यावा असा आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेली बालवाडीतील मुले त्यांनी निवडली आणि त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला आधीच सांगितले की चित्र काढलेत तर सोनेरी मोहर आणि रिबीन लावलेले प्रशस्तिपत्रक मिळेल. दुसऱ्या गटाला काहीही न सांगता चित्र काढून झाल्यावर ते दिले. तिसऱ्या गटाला काहीच दिले नाही. काही दिवसांनी मुलांना मोकळ्या वेळेत हवे ते करू दिले, तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर चित्र काढलेली मुले इतरांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रकलेकडे वळली. न सांगता बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र कमी झाली नव्हती.

या प्रयोगाचा अर्थ मुलांचे कौतुक करू नये, असा नाही. आनंदाने चालणाऱ्या कामाला आधी आमिष जोडले की काम बाजूला पडते आणि आमिष उरते, असा त्याचा अर्थ आहे. पुस्तक वाचल्याचा बॅज, झाड लावल्याचा बॅज, पाढे म्हटल्याचा बॅज अशी खैरात सुरू झाली, तर मूल झाड लावेल आणि छायाचित्र काढून झाल्यावर त्याला पाणी घालायला विसरेल. बॅज द्यायचाच असेल, तर वर्षभर जगवलेल्या झाडाचा द्यावा. त्यात चिकाटीची कसोटी आहे आणि झाडासारखा पुरावा दुसरा नाही.

सेवा आणि साक्ष

कार्यकर्त्यांच्या मनात येथे एक आक्षेप स्वाभाविकपणे उभा राहील. प्रसिद्धिपराङ्मुखता हा ज्या कार्यपद्धतीचा संस्कार आहे, तिला बॅज कशाला हवेत? पूरग्रस्त भागात चिखल उपसणाऱ्याने, रक्तदान शिबिराच्या सतरंज्या घालणाऱ्याने, वस्तीत अभ्यासिका चालवणाऱ्याने त्याची खूण छातीवर मिरवावी काय?

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर सेवा व कौशल्य यांतील भेदात आहे. सेवेला बॅज नको. 'शंभर तास सेवा केली' असा बॅज निघाला की तास मोजले जातील आणि सेवा मागे पडेल. परंतु सेवाकार्य करता करता माणूस जे शिकतो, ते त्याच्या चरितार्थाचे साधन होऊ शकते. वस्तीतील आरोग्यरक्षक म्हणून काम करणाऱ्या तरुणीला रक्तदाब अचूक मोजता येऊ लागतो. मदतकेंद्रातील साठ्याची नोंद ठेवणारा तरुण गोदामाचा हिशेब शिकतो. ही दोघे बहुधा साध्या घरांतील असतात आणि नोकरीच्या मुलाखतीत सांगण्यासारखे आपल्यापाशी काही नाही, अशा समजुतीने गप्प बसतात. त्यांच्या शिकण्याची प्रामाणिक साक्ष देणे ही प्रसिद्धी होत नाही. ते संस्थेवरचे त्यांचे ऋण आहे. ज्याच्या घरी ओळखीपाळखी आहेत, त्याला साक्षीची गरज कमी पडते. ज्याला कोणी ओळखत नाही, त्याच्या बाजूने कोणीतरी बोलावे लागते.

जबाबदारी कोणाची?

म्हणूनच गावोगावच्या शिक्षणसंस्था, सहकारी संस्था, वाचनालये, बचत गटांचे महासंघ आणि सेवासंस्था यांनी या साधनाकडे केवळ तंत्रज्ञांचा विषय म्हणून पाहू नये. आरंभ एकाच कौशल्यापासून करावा. त्या व्यवसायातील दोन जाणत्या, निःस्पृह माणसांना बसवून निकष मराठीत आणि मोजता येतील अशा शब्दांत लिहून घ्यावेत. कसोटी प्रत्यक्ष कामाची असावी आणि परीक्षक उमेदवाराचा नातलग वा मालक नसावा. पुराव्याचे छायाचित्र किंवा चित्रफीत उमेदवाराच्या संमतीनेच जोडावी. बॅज देणाऱ्या व्यक्तीने आपले नाव त्याखाली घालावे, म्हणजे विचारणा झाली तर उत्तर देण्याचे दायित्व तिच्यावर राहील.

सर्वांत अवघड गोष्ट नकार देण्याची. भिंत ओळंब्यात नसेल, तर 'अजून महिनाभर सराव करून या' असे ओळखीच्या माणसालाही सांगता आले पाहिजे. ज्या संस्थेने कोणालाच कधी परत पाठवले नाही, तिच्या बॅजला बाजारात किंमत येणार नाही. परत पाठवलेल्याला मात्र नेमके कुठे कमी पडले हे समजावून सांगावे आणि पुन्हा कसोटी देण्याची वाट मोकळी ठेवावी.

काम देणाऱ्यांचाही यात वाटा आहे. लहान उद्योजक, ठेकेदार, दुकानदार यांनी बॅजवर बोट ठेवून पुरावा पाहण्याची सवय लावून घेतली आणि योग्य माणसाला पहिल्याच दिवसापासून कारागिराचा दर दिला, तरच या खटाटोपाला अर्थ आहे. मजुरी वाढत नसेल, तर बॅज हे मोबाईलमधले आणखी एक चित्र होऊन राहील. पालकांनीही वर्षातून एकदा मुलांची फाईल त्यांच्यासोबत उघडून बसावे आणि प्रत्येक प्रमाणपत्राला एकच प्रश्न विचारावा: यातले काय तुला आज करून दाखवता येईल? जे करून दाखवता येईल, ते जपून ठेवावे. बाकीचे रद्दीत गेले तरी मुलाचे काही नुकसान होणार नाही.